उतरण्याची तालीम

मैलापूरला घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, नवरा विचारला नाही, मासे खाता का हेही विचारलं नाही. चेन्नईत एकट्या बाईला जागा देताना हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी येतो, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या कपाटाची रुंदी काय?"

मला ठाऊक नव्हती.

"मग मोजून या. जिन्याच्या वळणात एकतीस इंच आहेत. आधीच्या भाडेकऱ्यानं सुतार बोलावून वरच कपाट करून घेतलं. तो गेला, कपाट राहिलं. अजून आहे."

मी हसले, ते हसले नाहीत. पुढच्या रविवारी कपाट मोजून मी फोनवर आकडा सांगितला तेव्हा म्हणाले, "बेस. या राहायला."

ते तंजावरी मराठी. राजांबरोबर दक्षिणेत उतरलेल्या घराण्यांपैकी एक. त्यांच्या बोलण्यात 'हवं'ला 'होणा' होतं, 'सगळं'ला 'अस्कं' होतं, आणि वाक्य संपता संपता तमिळ हेल काढून वर जायचं. मी नाशिकची. माझं मराठी ऐकून त्यांच्या आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ही पोर बोलते कीं भांडते?" घरात ही दोनच माणसं. ते त्रेसष्ट वर्षांचे, बिनलग्नाचे, आणि आजी पंच्याऐंशीच्या. खाली ते, वर मी. सकाळी मी एग्मोरला ऑफिसला निघाले की ते ओट्यावर उभे असायचे, शर्टाच्या खिशात स्टीलची टेप आणि कानाला पेन्सिल.

नोकरी त्यांनी चेन्नईबाहेरच्या आवडी या गावी केली, रणगाड्यांच्या कारखान्यात, ड्राफ्ट्समन म्हणून. उभी हयात त्यांनी एकाच गोष्टीचे नकाशे काढले: रणगाड्याच्या झाकणातून माणूस आत-बाहेर कसा करेल. "आत कसा जातो तें अस्के विचारतात," ते म्हणायचे. "आग लागली तर बाहेर कसा येईल, तें मी काढायचा." हे त्यांचं आयुष्याचं सूत्रच होतं, आणि ते कुठेही लावायचे. मी नवी नोकरी धरायच्या विचारात होते तेव्हाही त्यांनी पगार विचारला नाही. "सोडायची झाली तर किती महिने आधी सांगायचं, तें वाचलं कां?" एवढंच. मी वाचलं नव्हतं.

त्या घराच्या भिंतीवर, उंबऱ्यांवर, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पेन्सिलीनं बारीक, सरळ अक्षरात आकडे लिहिलेले होते. पाच वर्षांपूर्वी आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून वॉकर धरून चार-सहा पावलं आणि त्यापुढे व्हीलचेअर. ज्या उंबऱ्याला अडखळून पडल्या तो मुलानं त्याच आठवड्यात उखडून काढला होता. आजी म्हणायच्या, "उंबऱ्याशिवाय घर म्हणजे वेस नसलेलं गांव." तरी त्यांनी काढला.

अशा घरात एका संध्याकाळी आजींनी टीव्हीकडे बोट दाखवलं. मी खाली भाड्याची पावती घ्यायला गेले होते. पडद्यावर एक पांढरं जहाज निळ्या पाण्यातून चाललं होतं. मग ते एका गावाला लागलं आणि माणसं टोप्या घालून भराभर खाली उतरू लागली.

"मला तें होणा," आजी म्हणाल्या.

"काय होणा?" त्यांनी विचारलं.

"तें जहाज. भूमध्य समुद्र म्हणाला ना तो? तें."

काका, म्हणजे मी त्यांना काका म्हणायचे, खुर्चीतून उठले नाहीत की हसले नाहीत. आजींनी जन्मात कधी काही मागितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी कानाची पेन्सिल काढली, पावतीच्या मागच्या बाजूला 'जहाज' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि मला, तमिळमध्ये कुणाही बाईला हाक मारतात तसं, म्हणाले, "मा, त्या लोकांना लिहून विचारायचं आहे. स्नानघराच्या दाराला उंबरा आहे कां? असेल तर उंची काय?"

तिथून वर्षभर मी त्या जहाजाची बिनपगारी कारकून झाले. कंपनीला पत्रं मी पाठवायची, मजकूर ते सांगायचे. पलंगाची जमिनीपासून उंची. दाराची निव्वळ रुंदी, म्हणजे दार उघडल्यावर दाराची जाडी वजा जाता उरते ती. कमोडच्या कुठल्या बाजूला कठडा आहे, डाव्या की उजव्या. कंपनीतली बाई सुरुवातीला गोड उत्तरं द्यायची: आमच्याकडे दिव्यांगांसाठी सर्व सोयी आहेत, निश्चिंत असा. काका ते उत्तर वाचून मान हलवायचे. "निश्चिंत हें माप नव्हे. पुन्हा लिहा." मी वैतागायचे. दिवसभर ऑफिसात तेच आणि घरी येऊन पुन्हा हेच. एकदा मी चिडून म्हटलंही, "काका, लोक सहज जाऊन येतात हो." ते शांतपणे म्हणाले, "जे येत नाहीत, ते तुम्हांला भेटत नाहीत ना."

काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, दूर पाण्यात उभं राहतं आणि माणसांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. व्हीलचेअर त्या होडीत घेतीलच असं नाही. हे कळल्यावर त्यांनी होडीची सगळी बेटं लाल पेन्सिलीनं खोडली. जाहिरातीत सगळ्यात सुंदर दिसणारं गाव त्यात गेलं, मला हळहळ वाटली, आजींना काहीच वाटलं नाही. उरली ती धक्क्याची बंदरं: बार्सिलोना, मार्सेय, नेपल्स आणि आणखी दोन. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी फारशी नसते, त्यामुळे जहाजाची शिडी सकाळी जेवढी उतरती तेवढीच साधारण संध्याकाळी राहते, हे एका पुस्तकात सापडलं त्या दिवशी ते जिना चढून वर मला सांगायला आले. त्यांना इतक्या आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग तालमी सुरू झाल्या. दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावून त्यांनी फरशीवर खडूनं जहाजातली खोली आखली, खरीखुरी, इंच न् इंच. पलंग तिथे पलंग, दार तिथे दोन स्टुलं, स्नानघर तिथे आजींची जुनी साडी पडद्यासारखी टांगलेली. रोज सकाळी कॉफी झाली की आजी पलंगावरून उठून वॉकरनं त्या साडीपर्यंत जायच्या, वळायच्या आणि परत यायच्या. काका घड्याळ लावून उभे. ओट्याच्या पायऱ्यांवर त्यांनी एक लांब फळी टाकली होती, ती जहाजाची शिडी. त्यावरून व्हीलचेअर उतरवायची, आणि मधेच समुद्र हलला तर काय म्हणून शेजारच्या इस्त्रीवाल्याला फळी हलवायला सांगायचे. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. आजी खुर्चीत ताठ बसून म्हणायच्या, "हलव रे, हलव. समुद्र आहे." एका तमिळ बाईनं मला विचारलं होतं, हे कसलं व्रत आहे. मी सांगितलं, प्रवासाला जाणार आहेत. तिनं आजींकडे बघून हात जोडले. कुठल्या प्रवासाला, ते तिला विचारायचंही धैर्य झालं नसावं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, आईवेडा माणूस. मीही तसंच समजत होते. डिसेंबरात मैलापूरला गाण्याचे दिवस असतात, गल्लोगल्ली सभांमधून, म्हणजे संगीतसंस्थांच्या सभागृहांतून, कचेऱ्या चाललेल्या असतात. तिथे कचेरी म्हणजे मैफल. एका सभेच्या दाराला रॅम्प होता, पण इतका उभा की खुर्ची चढवणारा मागे कलंडेल. काकांनी त्यांना सहा पत्रं लिहिली, नकाशा काढून दिला: एक फूट चढायला बारा फूट लांबी. शेवटी कंटाळून त्यांनी रॅम्प नवा केला. पहिल्याच आठवड्यात आम्ही तिघं गेलो. आजींना पुढच्या रांगेच्या कडेला बसवून काका बाहेर आले, आणि अडीच तास त्या रॅम्पच्या पायथ्याशी उभे राहिले, कुणी तिथे स्कूटर लावू नये म्हणून. मी मधे बाहेर येऊन म्हटलं, "काका, आत चला ना. मी उभी राहते."

"इथून ऐकूं येतं," ते म्हणाले. नुसता मृदंगाचा ठोका ऐकू येत होता, दुसरं काही नाही.

परत येताना ऑटोत आजी माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्याला गाण्याचं वेड होतें गं. नऊ वर्षं शिकला. आतां बघ, स्कूटरी राखतो." तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

निघायला महिना राहिला होता. काका आवडीला गेले होते, कारखान्यातल्या एका जुन्या मित्राकडून ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प करून घ्यायला. मला सुटी होती. आजींनी खालून हाक मारली. त्या खडूच्या खोलीत, पलंगावर बसल्या होत्या.

"तुझ्या त्या पेटींत बघ," माझ्या लॅपटॉपला त्या पेटी म्हणायच्या, "जहाजांतून उतरून गांव दाखवायला नेतात, त्याची तिकिटं मिळतात कीं? पांचही गांवांची काढ. एकाची."

"एकाची? काकांची की तुमची?"

"माझं नांव घालूं नको. मी उतरणार नाही."

मला समजेना. मी खडूच्या रेघांकडे बघितलं. त्यांनी साडी जरा वर केली आणि उजवं पाऊल दाखवलं, सुजलेलं. "दोन महिने झाले, ह्या पायाला जमीन कळत नाही. खोलींतल्या खोलींत जाईन. पण गांवांत नाही."

"मग काकांना सांगा ना! रोज कशाला चालता? डॉक्टरांकडे..."

"डॉक्टरला ठाऊक आहे. त्याला सांगितलं तर जाणं होईल कां?"

मग त्यांनी जे सांगितलं ते सलग नाही सांगितलं, थांबत थांबत सांगितलं. काका सव्वीस वर्षांचे असताना ते आणि आई-वडील असे तिघं रामेश्वराला निघाले होते. वाटेत एका छोट्या स्टेशनात गाडी थांबली. काकांच्या वडलांना कॉफी प्यायची होती. ते विचारत होते, गाडी किती वेळ थांबेल. काका म्हणाले, उतरा आप्पा, वेळ आहे. ते उतरले. चढताना गाडी हलली, पायरी उंच होती.

"त्या पायरीचं माप अजून त्याला ठाऊक आहे," आजी म्हणाल्या. "लग्नाचं बोलणं चाललं होतें, तें थांबवलं. गाणं थांबवलं. आवडी आणि हें घर. बापाला 'उतरा' म्हणाला, त्यानंतर तो कुठेंच उतरला नाही, पोरी."

मी म्हटलं, "पण तुम्ही बरोबर उतरलात तर ते उतरतीलच की."

"मी सोबत असलें तर माझ्या चाकाखालची जमीन बघेल तो. गांव नाही बघणार. आणि मी घरीं राहिलें तर हा घर सोडील कां? नाही. म्हणून हें जहाज. मला आंत सोडून जाता येतं, माणसं आहेत, डॉक्टर आहे, दहीभात आहे." त्यांनी साडी पायावर नीट केली. "एक दिवस तरी मी त्याच्या डोक्यांत नसावें. माझ्या डोळ्यांदेखत. मी गेल्यावर नको, तेव्हां तर मी अस्का वेळ त्याच्या डोक्यांत असेन."

मी तिकिटं काढली. छापून, घडी करून त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती औषधांच्या डब्यात ठेवली. संध्याकाळी काका आवडीहून परत आले, दोन गाड्या बदलून, घामानं भिजलेले, काखेत तो रॅम्प. फक्त चार किलो. घडी घातली की सुटकेससारखा. "धरून बघा, मा," म्हणाले. मी धरला. चांगला झालाय म्हटलं. त्यानंतरचा महिनाभर रोज सकाळी मी जिन्यातून उतरताना ती तालीम बघत होते, सुजलेलं पाऊल त्या खडूच्या रेघेवर पडताना बघत होते, आणि तोंड शिवून ऑफिसला जात होते. मला ते अतिशय जड गेलं. कितीदा वाटलं, सांगून मोकळं व्हावं. पण कुणाच्या बाजूनं सांगायचं, ते ठरेना.

ते गेले. बारा दिवस खालचं घर बंद होतं. मी रोज फोन बघायचे, फोन आला नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काका वर आले. मी चहा ठेवते म्हटलं, नको म्हणाले. दारातच उभे राहिले.

"तिकिटं तुम्ही छापून दिलीं ना?"

"हो."

"मला विचारावं असं वाटलं नाही?"

मी दारातून बाजूला झाले. ते आत येऊन बसले. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या गावाला जहाज लागलं तेव्हा सगळं अगदी त्यांच्या मापात होतं, दार, उंबरा, शिडी, अर्ध्या इंचाचा फरक नाही. रॅम्प टाकला, खुर्ची वळवली, आणि आजी म्हणाल्या, मी येत नाही, तू जा. त्यांनी रॅम्पची घडी घातली आणि शेजारी बसले. दुसऱ्या गावाला तेच. त्या दिवशी आजींनी ताट परत पाठवलं. रात्रीचंही पाठवलं.

"शहाऐंशीचं वय. उपाशीं बसली, मा. एक शब्द बोलेना. तिसऱ्या दिवशीं नेपल्स आलं. तिकीट हातावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी काय करूं?"

"गेलात?"

"गेलों."

मग म्हणाले, बसमधली माणसं एका चर्चमध्ये शिरली, तिथे त्यांची चुकामूक झाली. ते एका गल्लीत आले. वर दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घातलेले. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई दोरीला बांधून टोपली खाली सोडत होती. दुकानदारानं त्यात पाव ठेवला, तिनं वर ओढला, आणि दोघं एकमेकांवर ओरडत होते, भांडत होते की काय कुणास ठाऊक. ते बघत उभे राहिले. पुढे पायऱ्या होत्या, वर वर जाणाऱ्या. चढले. वर एक भिंत होती, त्यावर बसले. खाली बंदर दिसत होतं. एका खिडकीत कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होतं, चुकत होतं, पुन्हा घेत होतं.

"संत्र्याचा बर्फ मिळतो तिथें, तो खाल्ला," ते म्हणाले. "बाकी कांही नाही केलं. बसलों."

"छान झालं की, काका."

"ऐका ना!" त्यांचा आवाज एकदम चढला. त्या घरात मी त्यांचा चढलेला आवाज तेवढाच ऐकला. "परत येतांना धक्क्यावर तें जहाज समोर दिसलं, आणि मला वाटलं, केवढं मोठें जहाज आहे हें. मग लक्षांत आलं, यांत माझी आई आहे. घड्याळ बघितलं. चार घंटे झाले होते. चार घंटे मला तिची याद आली नाही. एकदां सुद्धां नाही. ती पडली असती, मेली असती, आणि मी बर्फ खात होतों."

आणि ते रडायला लागले. चौसष्ट वर्षांचा माणूस, आधीच्या भाडेकऱ्याच्या त्या वर अडकून पडलेल्या कपाटाला पाठ टेकून, तोंडावर दोन्ही हात घेऊन. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, ठेवता आला नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "आईला हें सांगूं नका. शब्द द्या." मी दिला.

त्यानंतर आजी दीड वर्ष होत्या. ती पावलं, ते खडूचे चौकोन सगळं हळूहळू पुसलं. काका शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या उशाशी होते आणि त्या गेल्यावर, शेवटचं बोलणं झालं का असं मी विचारलं तर म्हणाले, "वेळ होता. अस्कं बोलून झालं." आता मीही चेन्नई सोडली आहे. त्यांची आठवण झाली की मला तो सगळा काळ आठवत नाही, काका वर येऊन रडले त्याच दिवसाची दुपार आठवते.

ते भाजी आणायला बाहेर पडले आणि आजींनी मला खाली बोलावलं. पलंगावर पडून होत्या, प्रवासानं थकलेल्या, दोन्ही पाय उशीवर.

"तुझ्यापाशीं आला होता ना सकाळीं? काय म्हणाला?"

"गाव आवडलं म्हणाले."

"मला म्हणतो, उतरलों खरा, पण जीव तुझ्यापाशींच होता. घडीघडी तुझीच याद येत होती." त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "खरं कीं?"

सकाळी दिलेला शब्द संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. त्याची मला लाज वाटली, आजही वाटते. पण त्या चेहऱ्याकडे बघून मला खोटं बोलवेना.

"नाही, आजी," मी म्हटलं. "चार तास तुमची एकदाही आठवण आली नाही म्हणाले."

त्यांनी डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं, हे मी काय करून बसले. मग त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"पुन्हां सांग," म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.